एका वेळी एकच पाय

माझ्या मसाजच्या खोलीबद्दल आमच्या इमारतीत जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं माझ्या नवऱ्याने पसरवलेलं आहे. त्यामुळे खरं काय झालं ते मीच सांगते. मी पडती बाजू घेणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. ज्यांना दुसरी बाजू ऐकायची असेल त्यांनी तळमजल्यावर जावं. तिथे जिन्याच्या कठड्याला टेकून ती सांगणारे लोक दिवसभर उभे असतात.

ऑफिस बंद पडलं, घरी बसले, वैताग आला, कोर्स केला. मागचं सगळं एवढ्यात आलं. कोर्स मसाजचा होता. मसाज म्हटलं की लोकांच्या भुवया कुठे जातात ते मला ठाऊक आहे. माझ्या नणंदेच्या तर थेट केसांत जाऊन बसल्या.

"अगं, शिवणकाम कर की," ती म्हणाली. "घरबसल्या होतं, आणि चारचौघांत सांगायलाही बरं."

"ताई, मी शिवलेला ब्लाऊज तुम्ही एकदा घातला होतात. आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. त्या ब्लाऊजमध्ये तिला एक हात दिवसभर वर धरून बसावं लागलं होतं. शिवणकामाचा विषय तिथेच मिटला.

कोर्सला जाताना मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी तेल, दुसऱ्या दिवशी पाठ, आठवड्याभरात आपण तयार. आमच्या बाईंनी पहिला आठवडा तेलाच्या बाटलीला हात लावू दिला नाही. नुसती चादर. चादर अंथरायची कशी, पांघरायची कशी, दुमडायची कुठे, खोचायची कुठवर. "तेल काय, कोणीही चोळतं," बाई म्हणायच्या. "टेबलावर पडलेल्या बाईच्या अंगावरची चादर ही तिच्या घराची भिंत आहे. त्या भिंतीला खिडकी एकच, आणि तीही तिला विचारून उघडायची. डाव्या पायावर काम चाललंय, तर डावाच पाय बाहेर. तो झाला की झाका, मग उजवा." बाईंची ही वाक्यं मला इतकी पाठ झाली होती की मी घरी भाजी चिरतानासुद्धा न चिरलेली भाजी फडक्याखाली झाकून ठेवत असे.

कोर्स संपला आणि प्रश्न आला खोलीचा. आमच्याकडे मागच्या बाजूला एक खोली होती, पण ती खोली आहे हे आम्ही विसरून गेलो होतो. तिच्यात माझ्या नवऱ्याची व्यायामाची सायकल होती. तिच्यावर लग्नानंतर कोणी बसलं नव्हतं, ओले शर्ट तेवढे बसत. आणि बाकी सगळी रिकामी खोकी. पंख्याचं खोकं, मिक्सरचं खोकं, जुन्या टीव्हीचं खोकं. त्यांच्यातल्या वस्तू केव्हाच मोडून भंगारात गेल्या होत्या.

"राहू दे, वॉरंटी असते," नवरा म्हणाला.

"कशाची? खोक्याची?"

दोन दिवस अबोला झाला आणि खोकी गेली. सायकल मात्र त्याने सोडली नाही. "ती माझ्या तब्येतीसाठी आहे," असं म्हणून त्याने ती बोळात, नेमकी मसाजच्या खोलीच्या दारासमोर आणून उभी केली. आत जाणाऱ्या बाईला पोट आत घेऊनच जावं लागे. ह्या सायकलीवरून मी त्याला किती बोलले त्याला सुमार नाही. त्यातले बरेचसे शब्द मला नंतर मागे घ्यावे लागले, पण ते पुढे येईलच.

खोली तयार करताना बाईंचा एक नियम होता: आधी स्वतः टेबलावर आडवं व्हा आणि पडलेल्या माणसाला काय दिसतं ते बघा. मी आडवी झाले. वर बघितलं तर ट्यूबलाइट थेट डोळ्यांत आणि पंख्याच्या पात्यांवर अशी धूळ, की गृहिणी म्हणून मान खाली घालावी. म्हणून मान खाली घातली, म्हणजे पालथी झाले आणि टेबलाच्या डोक्याकडच्या गोल उशीत तोंड घातलं. मधल्या भोकातून खालची फरशी दिसली आणि फरशीवर नवऱ्याचं गेल्या वर्षी हरवलेलं नेलकटर. ट्यूबलाइट काढून कोपऱ्यात मंद दिवा लावला. फरशीवर फुलांचा वाडगा ठेवावा असं माझ्या मनात होतं.

"त्यापेक्षा पेपर ठेव," नवरा म्हणाला. "पडल्या पडल्या वाचून होईल."

"आणि पान कोण उलटणार? मी? पाठ सोडून?"

तोवर ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती. वरच्या मजल्यावर सल्लागार राहतात. हे त्यांचं नाव नव्हे, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. त्यांनी एकदा प्लंबरला सल्ला दिला होता, तेव्हा सगळ्या इमारतीला आठवडाभर पाणी नव्हतं. ते स्वतःहून आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि टेबल तिरकं ठेवा, भिंत निळी करा, दारावरची कडी काढून टाका असं सांगून गेले. कडी का काढायची असं विचारलं तर म्हणाले, "मोकळेपणा वाटतो." मी त्याच दिवशी जाऊन आणखी एक कडी आणली आणि आतून बसवली.

आता सराव कोणावर करायचा? घरात माणूस एकच. नवऱ्याला मी समजावून सांगितलं की खरं कसब हे पालथं करण्यात असतं. माणूस चादरीखाली वळतो तेव्हा आपण चादर दोन्ही हातांनी उचलून तंबूसारखी धरायची आणि स्वतःची मान दुसरीकडे फिरवायची. तो आत वळतो, आपण काही बघत नाही, चादर पुन्हा खाली.

"तुम्ही माझ्याकडे वळा," मी चादर धरून म्हटलं.

"तुझ्याकडे म्हणजे कुठे? तू तर भिंतीकडे बघतेयस."

"अहो, मी उभी आहे त्या बाजूला!"

"मग तसं सांग ना. मला वाटलं, जिकडे तू बघतेस तिकडे."

आणि ते वळले, नेमके उलटे. वळताना चादरही बरोबर घेतली, त्यामुळे एकदा वळल्यावर थांबता येईना. गृहस्थ गुंडाळी होऊन टेबलाच्या पलीकडे गेले आणि धप्पकन आवाज आला. मी घाबरले, धावले, त्यांना उठवून बसवलं. पण एक गोष्ट अभिमानाने सांगते: एवढं पडले, तरी अंगावरची चादर तसूभर सरकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे कमरेला हात लावून लंगडत जिना उतरले. खाली कोणीतरी विचारलं, काय झालं? माझा नवरा खोटं बोलत नाही. म्हणाला, "बायकोने मसाज केला." बस्स. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं होतं की मी हाडं मोडते.

मीही जिद्दीला पेटले. रोज सराव. महिन्याभरात नवरा इतका तरबेज झाला की रात्री झोपेतही "वळू का?" असं विचारून वळायचा. सकाळी शर्ट बदलतानासुद्धा चादर मागायचा. हे बघून नणंद म्हणाली, "माझा भाऊ पार बिघडवलास." मी म्हटलं, पहिल्यांदाच सुधारलाय.

मग उबेचा प्रश्न आला. अंगावरचे कपडे काढून पडलेल्या माणसाला आपल्यापेक्षा लवकर थंडी वाजते, म्हणून खोली ऊबदार हवी आणि टॉवेल गरम हवेत. मी एक हीटर आणला. टॉवेल गरम करायची एक पेटीही आणली. ज्या दिवशी दोन्ही पहिल्यांदा चालू केले, त्याच दिवशी नवऱ्याला शर्टाला इस्त्री करायची बुद्धी झाली. इस्त्रीचं बटण खाली गेलं आणि सगळी इमारत काळोखात गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि लिफ्टमध्ये होते आमचे अध्यक्ष.

आमच्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हिशेबतपासनीस. दुसऱ्याची चूक सापडली नाही तर त्यांना जेवण जात नाही. ते आतून ओरडत होते आणि सल्लागार बाहेरून जाळीला तोंड लावून सांगत होते, "घाबरू नका! उड्या मारू नका! मारल्यात तर हलक्या मारा!" अध्यक्ष बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कोणामुळे झालं?"

माझा नवरा पुढे झाला. खोटं बोलत नाही, हे मी सांगितलंच. म्हणाला, "आमच्याकडे टॉवेल गरम होत होता."

झालं. त्या दिवसापासून अध्यक्षांचा आणि माझ्या खोलीचा उभा दावा. सूचनाफलकावर कागद लागला: राहत्या घरात अशोभनीय व्यवसाय. त्या 'अशोभनीय' शब्दाने माझं डोकं असं फिरलं की मी त्याच फलकावर, त्याच कागदाखाली, माझा कोर्सचा दाखला नेऊन टाचला. अध्यक्षांनी तो काढून घरी पाठवला. मी पुन्हा टाचला. हे चार वेळा झालं. दाखल्याच्या चारही कोपऱ्यांची चाळण झाली आहे, कोणालाही दाखवीन.

मी ठरवलं, सगळं रीतसर करायचं. परवान्याच्या कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून चहाचा कप हातात धरून बसला होता आणि तो संपेपर्यंत माझा अर्ज ओला होण्याची शक्यता होती, म्हणून मी तो धरूनच उभी राहिले.

"मसाज नाही आमच्याकडे," अर्ज वाचून तो म्हणाला. "केशकर्तन आहे, व्यायामशाळा आहे."

"मी केस कापत नाही आणि व्यायामही करत नाही."

"ते दिसतंय," तो म्हणाला. ह्या वाक्याचा सूड मी कधीतरी घेणार आहे. "मग 'इतर' मध्ये टाका."

"टाका."

"पण 'इतर' ला इमारतीच्या कमिटीचं ना हरकत पत्र लागतं."

म्हणजे फिरून गाडी अध्यक्षांच्याच दारात. ते पत्र मिळालं तर खोली चालणार. नाही मिळालं, तर टेबल, हीटर, दिवा, जाड गडद रंगाच्या त्या सगळ्या चादरी, सगळं आवरून मी पुन्हा खोकी आणणार. अध्यक्षांनी सांगितलं, "कमिटी येऊन खोली बघेल. रविवारी. मग ठरवू." आणि जिन्यात चार लोकांना ऐकू जाईल असं जोडलं, "काहीही ठरो, आमच्या घरातलं कोणी त्या खोलीची पायरी चढणार नाही."

त्यानंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी, दारावर हलकीशी टकटक झाली. अध्यक्षांच्या मातोश्री उभ्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, एक हात काठीवर, दुसरा भिंतीवर. लिफ्ट न वापरता जिन्याने आल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

"झोपलाय तो," त्या दार लोटत म्हणाल्या. "गुडघ्यांचं काहीतरी कर, पोरी. त्याने एक मशीन आणून दिलंय, ते गुडघ्याला लावलं की माझे दात वाजतात."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. वास्तविक मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. इमारतीतलं पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही कोण! मनातल्या मनात मी जिन्यातल्या सगळ्यांना ही बातमी सांगूनही टाकली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण त्याला कळता कामा नये. नाक फार मोठं आहे त्याचं. सगळ्यांसमोर बोलून बसलाय."

नाच मनातच राहिला. "नाही कळणार, मावशी."

त्या खोलीत आल्या, टेबल बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. "कपडे काढावे लागतील?"

"गुडघ्यापुरते पाय मोकळे झाले तरी पुरे. मी बाहेर जाते. तुम्ही सावकाश आडव्या व्हा, ही चादर गळ्यापर्यंत ओढून घ्या. ही घंटी हाताशी ठेवते. वाजवलीत की मी आधी दार वाजवीन, तुम्ही 'ये' म्हणालात की मगच आत येईन."

"आणि मग बघशील."

"नाही बघणार. एका वेळी एकच पाय, तोही गुडघ्याच्या थोडा वरपर्यंत. बाकी सगळं झाकलेलं."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "दवाखान्यात होते ना मी मागे. तिथे कोणीही यायचं आणि पांघरूण उचलायचं. कोण आहेस, काय बघतोस, काही नाही. डॉक्टर उचलायचा, झाडायला आलेलाही उचलायचा. शेवटी शेवटी मी ओढून घ्यायचंही सोडलं." त्यांनी चादरीचं टोक बोटांत धरून बघितलं. "ही जाड आहे. बरी आहे. कोणी आलं तर?"

"दार उघडणार नाही."

"कोणीही?"

"कोणीही आलं तरी."

मी हे बोलले तेव्हा 'कोणीही' ह्या शब्दात कोण कोण बसतं ह्याचा मी विचार केला नव्हता. पण एकदा बोलले ते बोलले. आणि खरं सांगू? त्यांच्या तोंडून ते दवाखान्याचं ऐकलं तेव्हा मला इतका राग आला होता की साक्षात परवान्याची कचेरी खिडकीसकट दारात आली असती तरी मी उघडलं नसतं.

त्या दुपारी मी त्यांच्या गुडघ्याखाली उशी दिली, डावा पाय मोकळा केला, चादरीची कड मांडीखाली घट्ट खोचली. अर्ध्यातच त्यांना झोप लागली. जाताना म्हणाल्या, "शनिवारी परत येते. शनिवारी तो जेवून गाढ झोपतो."

शनिवारी त्या आल्या. नवरा बँकेत गेला होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, कारण तो खोटं बोलत नाही. डावा पाय निम्मा झाला होता, खोली छान ऊबदार होती, मावशी डोळे मिटून लिफ्टमध्ये अडकलेल्या मुलाची नक्कल करून दाखवत होत्या, आणि बाहेरची बेल वाजली. आधी एकदा, मग धरून ठेवल्यासारखी. पाठोपाठ किल्लीचा आवाज, आणि नवऱ्याचा: "या, या, अध्यक्षसाहेब! आज कसे काय? रविवार म्हणाला होतात ना?"

"तपासणी अचानकच करायची असते," अध्यक्ष म्हणाले.

मावशींचे डोळे उघडले. त्यांचा पाय माझ्या हातात लाकडासारखा ताठ झाला. मी पाय झाकला, चादर दोन्ही बाजूंनी खोचली, त्यांच्या हातात घंटी दिली, बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

बोळात चौघे होते. अध्यक्ष, मोजपट्टी घेतलेले चिटणीस, निमंत्रित म्हणून आलेले सल्लागार, आणि कुठे उभं राहावं हे न कळलेला माझा नवरा.

"खोली दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"आत्ता नाही दाखवता येणार. आत गिऱ्हाईक आहे."

चिटणीस आणि सल्लागार एकमेकांकडे बघून हसले. अध्यक्ष हसले नाहीत, ते तपासनीस होते. "कोण आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"आमच्या इमारतीतलं?"

"तेही सांगणार नाही."

"म्हणजे कोणी नाहीच," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याकडे कोण येणार? अब्रूदार घरातली बाई ह्या खोलीत येणारच नाही."

एक शब्द. माझ्या तोंडात फक्त एकच शब्द होता, आणि तो बाहेर पडला असता तर अध्यक्षांना त्याच जागी बसायला खुर्ची द्यावी लागली असती. पत्रही मिळालं असतं, सह्यांसकट. मी तो शब्द गिळला. गिळताना जे काही कष्ट झाले ते कोर्समध्ये शिकवत नाहीत.

"नुसतं डोकावतो," चिटणीस म्हणाले. "मोजमाप काय, एका मिनिटाचं काम. चादर आहेच ना अंगावर?"

"तोंडावरही घाला," सल्लागार म्हणाले. "म्हणजे कोणालाच कोणी दिसणार नाही."

"चादर तुम्हाला आत येता यावं म्हणून नसते," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की मलाच नवल वाटलं. "तुम्ही बाहेर राहावं म्हणून असते! ह्या दारामागे जी बाई आहे तिला मी शब्द दिलाय की कोणीही आलं तरी दार उघडणार नाही. कोणीही म्हणजे कोणीही. उद्या रविवार आहे. उद्या या. टेबल मोजा, चादरी मोजा, मला मोजा. आज नाही."

"मग हरकत नोंदवली जाईल," अध्यक्ष म्हणाले. "कायमची."

"नोंदवा! मोठ्या अक्षरात नोंदवा! तुमचं ते पत्र खुंटीला टांगून ठेवा. मला नको."

असं बोलले खरी. पण ते पत्र मला अगदी हवं होतं. महिनाभर नवरा टेबलावरून पडत होता तो काय उगाच? पण शब्द परत घ्यायची माझी तयारी नव्हती. चिटणीस मोजपट्टी उघडत एक पाऊल पुढे आले.

आणि तेव्हा माझा नवरा पुढे झाला. त्याने सायकलवरचे दोन शर्ट काढून चिटणीसांच्या हातात दिले, टांग टाकली, आणि बोळ अडवून, पायडल मारायला लागला.

"हे काय चालवलंय?" अध्यक्ष म्हणाले.

"सायकल," नवरा म्हणाला. "तब्येतीसाठी. माझी वेळ झाली."

ती सायकल अशी करकरत होती की तिच्यात तेल घालायला हवं हे सल्लागारांनी लगेच सांगितलं. अध्यक्षांनी तिच्या करकरीच्या वर आवाज चढवला. नियम, कमिटी, इमारतीची अब्रू, लिफ्ट, पुन्हा लिफ्ट. ह्या सगळ्या गोंधळात आतून घंटी वाजली.

मी दार वाजवलं. "काही हवंय का?"

"अगं पोरी," आतून स्पष्ट आवाज आला, "त्या माणसाला म्हणावं, जरा हळू बोल. लिफ्टमध्ये होता तेव्हाही असाच ओरडत होता."

सायकल थांबली. अध्यक्षांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चिटणीसांच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आत गेली.

"आई?" अध्यक्ष म्हणाले.

"इथे कोणाची आई नाही," मी ठणकावलं. "इथे गिऱ्हाईक आहे."

"बरोबर," आतून आवाज आला. "सांग त्याला, मी इथे नाही."

नवऱ्याने अध्यक्षांकडे बघून मान हलवली. "नाहीत त्या," तो म्हणाला. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खोटं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला तो इतका देखणा कधीच वाटला नव्हता.

अध्यक्ष सायकलच्या मागच्या बाजूने, पोट आत घेऊन, दारापर्यंत आले. मी दाराला पाठ लावून उभी होते. मला बाजूला करण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग म्हणाले, आणि हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "गुडघा फार दुखतो का?"

"विचारतंय कोण?" आतून प्रश्न आला. "अध्यक्ष?"

अध्यक्षांनी चिटणीसांकडे बघितलं, सल्लागारांकडे बघितलं. "नाही. मीच."

"मग दुखतो. पण आज कमी आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले की तू सभेत असतोस. आणि तुझ्या मशीनने माझे दात हलतात."

सल्लागारांनी ह्यावर काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. नवऱ्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते मिटलं.

अध्यक्षांनी हात वर केला. मला वाटलं, आता ढकलतात. मी दाराला आणखी घट्ट रेलले. पण त्यांनी माझ्या खांद्याच्या बाजूने हात नेला आणि दार वाजवलं. दोनदा, हलकेच, माझ्यापेक्षाही हलक्या हाताने.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको," मातोश्री म्हणाल्या. "बाहेर थांब. माझा एक पाय राहिलाय."

अध्यक्ष थांबले. माझ्या नवऱ्याने त्यांना खुर्ची आणून दिली. चिटणीस हातात आमचे शर्ट धरून उभेच होते. मी त्यांना सांगितलं की रविवारी या, मोजमाप करा, आणि येताना ते शर्ट आणा. पत्राचं काय झालं हे लोक अजून मला विचारतात. मिळालं. त्यात एक अट आहे, की हीटर चालू असताना इस्त्री करायची नाही. ती मी मान्य केली, कारण इस्त्री नवरा करतो.

पण त्या क्षणी मला पत्राचं काही सुचत नव्हतं. मी दार वाजवलं, 'ये' ऐकू आलं तेव्हा आत गेले आणि आतली कडी लावली. मावशी छताकडे बघत पडल्या होत्या. चादर गळ्यापर्यंत, जशी मी सोडून गेले होते तशीच, एकही कड सुटलेली नव्हती.

"माझं नाव सांगितलं नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्याने विचारलं तरी?"

"त्यांनी विचारलं म्हणूनच नाही."

त्यांनी घंटी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. मी हातावर तेल घेऊन ते कोमट होऊ दिलं, आधी डावा पाय पुरा केला, झाकला, कड खोचली, आणि मग त्यांना विचारून उजवा पाय बाहेर काढला.